स्क्रू आवळूनही ब्रेक लिव्हर फिरतो

प्रश्न : जुन्या बाजारातून रेसर सायकलीचे ब्रेक लिव्हर घेतले, वरून वायर निघणारे. वाकड्या हँडलवर बसवून स्क्रू पूर्ण आवळला, तरी हात टेकला की लिव्हर खाली घसरतो. काय करू?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : आणखी आवळू नका, आटे जातील. लिव्हर बसतो त्याच जागी व्हर्नियरने (जाडी मोजायच्या मापकाने) हँडलची नळी मोजा. या लिव्हरची पकडपट्टी, म्हणजे क्लँप, बहुतेक वेळा 23.8 मिमी नळीसाठी असते. काही लोखंडी हँडलं मात्र 22.2 मिमीची. तुमचं तसं निघालं, तर स्क्रू संपतो पण पकड येत नाही. फरक 1.6 मिमी, म्हणजे सगळीकडून 0.8. तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियम पत्र्याची, क्लँपइतकी रुंद आणि सुमारे 70 मिमी लांब फीत कापा, कडांवर कानस मारा, नळीभोवती वाकवा आणि वर क्लँप चढवा. ट्यूबचा तुकडा घालायची पद्धत आहे, पण रबर दबतं आणि लिव्हर पुन्हा हलतो.

जागा ठरवायला हँडलच्या खालच्या सरळ भागाला मोजपट्टी लावून पुढे धरा. लिव्हरचं टोक तिला टेकलं पाहिजे. इथून थोडं वर-खाली आपल्या हाताप्रमाणे. स्क्रू लिव्हर दाबल्यावर आत दिसतो: कुठे 8 मिमीचा नट, कुठे साध्या पेचकसाचा. वायर ओवल्यावर तिथे पाना नीट जात नाही, म्हणून आवळणं आधी, वायर नंतर. मग दोन्ही हात टेकून अंगाचा भार द्या. हललं नाही, तरच हँडलवर टेप गुंडाळा.

वायर रेसरचीच मागा, पेरूसारख्या डोक्याची. सरळ हँडलच्या वायरचं गोल नळकांडं डोकं इथे नीट बसत नाही, अडकतं. आऊटर (वायरवरचं बाहेरचं कव्हर) कापल्यावर तोंड कानशीने सपाट करा, दाभणाने भोक मोकळं करा. वरची कमान एवढीच ठेवा की हँडल दोन्हीकडे पूर्ण वळलं तरी आऊटर ताणला जाणार नाही. मोटारसायकलवर पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तीच सवय इथे ठेवलेली बरी. लिव्हरवरची रबरी टोपी चढवायला साबणाचं पाणी. तेल लावलंत तर रबर फुगतं. आपल्याकडच्या मे महिन्यात सायकल उन्हात उभी राहिली तर ती टोपी तशीही लवकर तडकते.

प्रश्न : माझ्या सायकलला व्ही-ब्रेक (चाकाच्या दोन्ही बाजूंना लांब उभे दांडे असलेले) आहेत. हेच लिव्हर चालतील का? कन्नड घाट उतरायचा असतो.
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : नाही. हे लिव्हर वायर कमी ओढतात. व्ही-ब्रेकला जास्त लागते, त्यामुळे ब्रेक पुरता लागण्याआधीच लिव्हर हँडलला टेकेल. व्ही-ब्रेकसाठी बनवलेले रेसर लिव्हर वेगळे मिळतात, ते घ्या.