सोरॉरिटी म्हणजे भगिनी मंडळ का?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या बहिणीची मुलगी अमेरिकेत टेक्ससमधल्या विद्यापीठात शिकते आणि तिला तिथल्या एका सोरॉरिटीत, म्हणजे विद्यार्थिनींच्या निवडक संघटनेत, घेतलं. घराण्याच्या कुलसंमेलनाच्या स्मरणिकेत ही बातमी द्यायची म्हणून ताईंनी लिहिलं, "चि. भाची भगिनी मंडळाची सदस्य झाली." ते वाचून आजींनी विचारलं, "इतक्या लांब भजनं म्हणायला गेली का पोर?" भाचीच्या माहितीपत्रकात 'इन्क्लुझिव्ह मेंबरशिप' असंही आहे. ताई विचारतात, त्याला 'सर्वसमावेशक सदस्यत्व' म्हणावं का?

दोन्ही शब्द मी वापरणार नाही. का ते सांगतो.

आधी मुळाकडे जाऊ. लॅटिनमध्ये सोरॉर म्हणजे बहीण. संस्कृतातला 'स्वसृ' हा त्याचा सख्खा नातलग. मराठीत स्वसृ एकटा कुठे दिसत नाही, पण रोज आपल्या तोंडी असतो. मातृष्वसा, म्हणजे आईची बहीण, झिजत झिजत 'मावशी' झाली. मावशीतला शेवटचा 'शी' आणि सोरॉरिटीतला 'सोरॉर' एकाच घरचे आहेत. प्रश्न विचारणारी मावशीच आहे, त्यामुळे हे लिहिताना मला फार आनंद होतोय.

इंग्रजीत हा शब्द आजच्या अर्थाने रुळला तो न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूस विद्यापीठातून. तिथे 1874 मध्ये चार विद्यार्थिनींनी गॅमा फाय बीटा ही संघटना काढली. तोवर मुलींच्या अशा संघटनाही स्वतःला फ्रॅटर्निटीच म्हणवत, म्हणजे शब्दशः भावांचं मंडळ. 1882 मध्ये लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॅली यांनी 'सोरॉरिटी' सुचवला. त्याच 1882 मध्ये पुण्यात पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला, ही जुळणी मला नेहमी हलवून जाते. नावं ग्रीक अक्षरांची असल्यामुळे या सगळ्याला 'ग्रीक लाइफ' म्हणतात. त्याचं 'ग्रीक जीवन' कृपया करू नका, ग्रीस देशाशी त्याचा काही संबंध नाही.

आता भगिनी मंडळ. आपल्याकडे महिला मंडळात वर्गणी भरली, पावती फाडली की आपण सदस्य. सोरॉरिटीत तसं नाव नोंदवून भागत नाही. सत्राच्या सुरुवातीला काही दिवस मुली एका संघटनेच्या घरातून दुसऱ्या घरात जातात, बसतात, बोलतात. पूर्वी याला 'रश' म्हणत, आता 'रिक्रूटमेंट' म्हणतात. मुली आपली पसंती कळवतात, आतल्या सदस्य आपली. शेवटी हातात येते ती 'बिड', म्हणजे सदस्य होण्याचं आमंत्रण. मोठ्या विद्यापीठांत मैदानावर शेकडो मुली एकाच क्षणी पाकिटं फोडतात आणि ज्या घराचं नाव निघालं तिकडे धावत सुटतात.

या 'बिड'ला बोली म्हटलं की लिलाव डोळ्यांपुढे येतो. माझ्या मते नेमका मराठी शब्द 'बोलावणं'. भाचीला बोलावणं आलं. हा शब्द सुचला तो लहानपणीच्या आठवणीतून. आमच्या वाड्यात चैत्रातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायला लहान मुलींना पाठवत. माझी धाकटी बहीण परकर सावरत दारोदार जायची आणि एका दारापाशी न थांबता पुढे निघायची. त्या घरात विधवा काकू राहायच्या. तिथे थांबायचं नाही हे तिला निघतानाच सांगितलेलं असे. बोलावणं या शब्दात आपुलकी आहे आणि कोणाला बोलवायचं नाही तेही आहे. सोरॉरिटीच्या इतिहासात हे दोन्ही भरलेलं आहे. भगिनी मंडळ म्हटलं की त्यातली निवड झाकली जाते.

ही निवड कशी होती ते पाहा. कित्येक जुन्या संघटनांच्या नियमांत सदस्य गोरी आणि ख्रिस्ती असावी असं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लिहिलेलंच होतं. म्हणून ज्यू मुलींनी 1909 मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात अल्फा एप्सिलॉन फाय काढली, आणि ख्रिस्ती असूनही बाहेर ठेवल्या जाणाऱ्या कॅथलिक मुलींनी 1912 मध्ये मिशिगन विद्यापीठात थीटा फाय अल्फा. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची पहिली सोरॉरिटी अल्फा कॅपा अल्फा 1908 मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात उभी राहिली. अमेरिकेच्या माजी उपाध्यक्ष कमला हॅरिस तिथे शिकत असताना तिच्याच सदस्य झाल्या. पाठोपाठ 1913 च्या जानेवारीत तिथल्याच 22 विद्यार्थिनींनी डेल्टा सिग्मा थीटा स्थापन केली, आणि मार्चमध्ये त्या स्त्रियांच्या मताधिकारासाठीच्या मोर्चात चालल्या. या दोन्ही संघटनांतल्या बायका एकमेकींना आजही 'सोरॉर' अशीच हाक मारतात. त्यांचं सदस्यत्व पदवीबरोबर संपत नाही, साठीतल्या बायकाही शाखेचं काम करतात. म्हणून 'विद्यार्थिनी मंडळ' हाही पर्याय बाद. दक्षिण आशियाई मुलींच्या सोरॉरिटी याच वाटेने आल्या. टेक्ससमध्ये ऑस्टिनला कॅपा फाय गॅमा आणि ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा, दोन्ही 1998 च्या.

लिखित अटी गेल्या तरी दार उघडलंच असं नाही. अलाबामा विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना 1963 मध्ये कायमचा प्रवेश मिळाला. तिथल्या गोऱ्यांच्या सोरॉरिटींत माजी सदस्यांच्या दबावामुळे कृष्णवर्णीय मुलींना डावललं जातं, हे विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने छापलं 2013 मध्ये. त्यानंतर विद्यापीठाला बोलावणी पुन्हा खुली करायला लावावी लागली. सदस्यांच्या लेकी-बहिणींना झुकतं माप देण्याची रीत बऱ्याच संघटनांनी 2020 च्या सुमारास सोडली.

आज वाद एका शब्दाचा आहे, 'स्त्री'. वायोमिंग विद्यापीठात कॅपा कॅपा गॅमा या सोरॉरिटीच्या शाखेने एका ट्रान्स स्त्रीला, म्हणजे जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेल्या पण स्वतःला स्त्री मानणाऱ्या व्यक्तीला, सदस्य केलं म्हणून काही सदस्य न्यायालयात गेल्या. 2023 मध्ये न्यायाधीशांनी दावा फेटाळला. संघटनेच्या उपविधीत 'स्त्री'ची व्याख्या केलेली नाही, आणि खासगी संघटनेने तो शब्द कसा घ्यावा हे न्यायालय लादणार नाही, असा त्याचा आशय. प्रकरण त्यानंतरही वरच्या न्यायालयात गेलं. आपण शब्दांवर जीव टाकणारी माणसं, एका शब्दावर कोणाचं घर ठरतं हे आपण गांभीर्याने घ्यायला हवं.

म्हणूनच 'सर्वसमावेशक' मला चालत नाही. त्यातला 'सर्व' खोटा पडतो. जिथे निवड आहे तिथे सगळ्या येणार नाहीतच. सरकारी परिपत्रकांनी हा शब्द इतका झिजवलाय की त्यातून काहीच कळत नाही. 'मुक्तद्वार' सुंदर आहे, पण मुक्तद्वार भोजनाला कोणीही पानावर बसतं, तसं इथे नाही. इन्क्लुझिव्ह या शब्दामागे पूर्वीचा मज्जाव आहे. मराठी वाक्यात तो मज्जाव दिसला पाहिजे. कोणती अट काढली ते सरळ लिहावं. वंशाची, धर्माची, आणखी कशाची.

सोरॉरिटी मात्र तसाच देवनागरीत ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडून सांगा. स्मरणिकेसाठी मी असं लिहीन: "चि. भाचीला तिच्या विद्यापीठातील सोरॉरिटीचं, म्हणजे एकमेकींना बहीण मानणाऱ्या विद्यार्थिनींच्या निवडक संघटनेचं, बोलावणं आलं. वंश, धर्म, देश न पाहता ही संघटना सदस्य निवडते." माहितीपत्रकात आणखी कशाचा उल्लेख असेल तर तोही या यादीत घाला, 'इत्यादी'त ढकलू नका.

आणि भाचीला तिथे एक 'बिग' मिळेल, नव्या मुलीचा हात धरणारी थोरली सदस्य. तिला मराठीत काय म्हणायचं हे शोधावं लागत नाही. ताई.