अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेजमधील ऑफेन्सिव्ह लाइनमन (चेंडू असलेल्या आपल्या खेळाडूला वाचवण्यासाठी बचावपटूंना अडवणारा खेळाडू) एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये टिकेल की नाही, हे कशावरून ओळखावे?

उंची आणि वजन जवळजवळ सर्वांचेच पुरेसे असते, त्यामुळे आधी पाय पाहावेत. चेंडू स्नॅप झाल्यावर, म्हणजे मागे दिला जाऊन खेळी सुरू झाल्यावर, तो कंबरेत न वाकता गुडघ्यांत वाकून मागे सरकतो का, बाहेरून येणाऱ्या बचावपटूने अचानक आतली वाट धरली तर तोल न जाऊ देता त्याला अडवतो का, आणि छातीवर धक्का बसल्यावर पाय रोवून उभा राहतो का, हे सामन्यांच्या चित्रफितींतच दिसते. तेही तगड्या प्रतिस्पर्ध्यासमोर, कारण दुबळ्या संघापुढे कोणीही भक्कम वाटतो. चाळीस यार्डांच्या धावेच्या चाचणीला मी फारसे महत्त्व देत नाही.

हातांच्या लांबीबाबत मात्र मतभेद आहेत. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या रशॉन स्लेटरचे ३३ इंची हात टॅकलसाठी, म्हणजे ओळीच्या टोकाजवळ खेळणाऱ्या लाइनमनसाठी, आखूड मानले गेले. तरीही २०१९ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाचा बचावपटू चेस यंग याला त्याने समर्थपणे तोंड दिले होते, आणि २०२१ मध्ये एनएफएलच्या चार्जर्स संघाने ड्राफ्टमध्ये (कॉलेजमधील खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) १३व्या क्रमांकावर निवडल्यावर पहिल्याच मोसमात लेफ्ट टॅकल म्हणून तो प्रो बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यापर्यंत, पोहोचला. त्याच विद्यापीठाचा लेफ्ट टॅकल पीटर स्कोरॉन्स्की, ज्याचे हात आणखी आखूड होते, त्याला टायटन्स संघाने २०२३ मध्ये ११व्या क्रमांकावर घेतले खरे, पण खेळवले गार्ड म्हणून, म्हणजे टॅकलच्या आतल्या बाजूच्या जागेवर.