जोडाशेजारीच पुन्हा तुटलेला फेअरिंगचा ब्रॅकेट

प्रश्न : माझ्याकडे २००५ सालची हिरो होंडा करिझ्मा आहे. पुढची फेअरिंग (दिव्याभोवतीचे प्लास्टिकचे आवरण), हेडलाइट आणि मीटर ज्या लोखंडी ब्रॅकेटवर बसतात, त्याचा डावीकडचा पाइप गेल्या वर्षी तुटला. एका वेल्डिंगवाल्याकडून तो गाडीवरच जोडून घेतला, परंतु काही महिन्यांतच जुन्या जोडाला अगदी लागून तो पुन्हा तुटला. आता वेल्डिंग अधिक जाड करून घ्यावे, जुन्या बाजारातून दुसरा ब्रॅकेट आणावा, की नवीन बनवून घ्यावा?
— एक वाचक, कराड

उत्तर : वेल्डिंग जाड करून घेण्याचा विचार आपण सोडून द्यावा, कारण आपल्या पत्रावरून दिसते की जोड तुटलेला नाही, तुटला आहे तो जोडाशेजारचा पाइप. पातळ पाइपवर जास्त करंट ठेवून वेल्डिंगची सळई चालवली की लगतच्या धातूचा पोत उष्णतेने बदलतो, आणि जाड, ताठ जोड संपून पातळ पाइप जेथे सुरू होतो, नेमक्या त्याच रेषेवर सगळा ताण गोळा होतो. तेथे आणखी धातू चढवला तर पुढची भेग थोडी सरकून पडेल, एवढाच फरक.

परंतु पहिल्यांदा पाइप का तुटला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. या गाडीची फेअरिंग चासीला बांधलेली असते. हँडल वळवले तरी हेडलाइट वळत नाही. त्यामुळे फेअरिंग, दिवा आणि मीटर यांचे वजन स्टिअरिंगच्या नळीपासून पुढे अधांतरी तोललेले राहते. एकाच सिलिंडरचे २२३ सीसी इंजिन मिनिटाला ५००० फेऱ्यांवर तासभर चालले, तर या ब्रॅकेटला तीन लाख हादरे बसतात. तार पुन्हा पुन्हा वाकवली की जशी तुटते, तसाच पाइपही थकून तुटतो; त्यासाठी अपघात किंवा खड्डा लागतोच असे नाही. हे हादरे मुरावेत म्हणून प्लास्टिक व ब्रॅकेट यांच्यामध्ये रबरी ग्रोमेट, म्हणजे बोल्टच्या भोकात बसणाऱ्या कड्या, असतात आणि बोल्ट कितीही आवळला तरी रबर चिरडू नये म्हणून त्यांच्या आत लोखंडी कॉलर, म्हणजे छोटी नळी, असते. वीस वर्षांत रबर कडक होते, आणि कधीतरी फेअरिंग उतरवताना एखादी कॉलर हरवली, एखादा बोल्ट परत बसवायचा राहिला, की सगळा भार उरलेल्या टेकूंवर येतो. तेव्हा सर्व बोल्ट, ग्रोमेट आणि कॉलर जागेवर आहेत का, हे आधी मोजून पाहावे. माझ्या मते अशा ब्रॅकेटच्या बाबतीत वेल्डरइतकाच दोष हरवलेल्या कॉलरचा असतो.

दुरुस्तीसाठी ब्रॅकेट गाडीवरून उतरवलाच पाहिजे. गाडीवर वेल्डिंग केल्यास ठिणग्यांनी वायरिंग आणि टाकी यांना धोका असतो, शिवाय पाइपच्या मागच्या बाजूला सळई पोहोचतच नाही. उतरवण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या बोल्टच्या भोकांमधील अंतरे आडवी, उभी आणि तिरपी मोजून लिहून ठेवावीत, आणि गाडी सपाट जागेवर उभी करून हेडलाइटचा झोत समोरच्या भिंतीवर कोठे पडतो याची खूण करावी. ब्रॅकेट हाती आल्यावर रंग काढून उजवी बाजूही तपासावी. संशयित जागी रॉकेल लावून कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसावे आणि वर खडूची पूड चोळावी. बारीक भेग असेल तर तिच्यात मुरलेले रॉकेल खडूवर रेघ उमटवते. अशी भेग सापडली तर तिच्या टोकाशी सुमारे तीन मिलिमीटरचे भोक पाडून मगच ती भरावी, नाहीतर ती वेल्डिंगखालून पुढे वाढत जाते.

तुटलेल्या ठिकाणचा जुना जोड आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा उष्णतेने बिघडलेला भाग कापून टाकावा. आतल्या व्यासात घट्ट बसेल असा पाइपचा तुकडा दोन्हीकडे किमान एक इंच जाईल इतका आत सरकवावा आणि कापलेल्या लांबीचा नवा पाइप वर बसवून मूळ माप पूर्ण करावे. मग संपूर्ण ब्रॅकेट मोजलेल्या अंतरांनुसार एखाद्या जाड पट्टीवर बोल्टने आवळून प्रथम फक्त टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारावेत, मापे पुन्हा पडताळावीत आणि त्यानंतरच जोड पूर्ण करावा. पातळ पाइपसाठी सीओटू किंवा आर्गन वायूच्या आवरणातले वेल्डिंग सोयीचे. तशी सोय नसेल तर गॅसवर पितळी जोडही चांगला टिकतो, कारण त्यात मूळ लोखंड वितळवावे लागत नाही. गरम जोडावर पाणी ओतून तो थंड करू नये, ही सूचना कारागिराला आधीच द्यावी. घाईत हे सर्रास केले जाते. थंड झाल्यावर रेड ऑक्साइडचा गंजरोधक थर आणि वर रंग द्यावा.

येथे एक इशारा आवश्यक आहे. तुटलेली जागा ब्रॅकेटवर नसून चासीच्या स्टिअरिंगच्या नळीवरील कानावर (ब्रॅकेट जेथे बोल्टने बसतो त्या पट्टीवर) असेल, तर हे काम कोपऱ्यावरच्या दुकानात करू नये. त्या नळीवर पुढच्या चाकाचा सर्व भार येतो, आणि तेथेच चासी नंबर ठोकलेला असतो. ग्राइंडर फिरताना त्याला धक्का लागला तर पुढे आरटीओच्या तपासणीत उत्तर देणे अवघड जाते.

जुन्या बाजारातला ब्रॅकेट मिळाला तर तो वाईट नाही, मात्र तो बहुधा अपघातात सापडलेल्या गाडीचा असतो, म्हणून वरील मापांशी ताडून, खडूची परीक्षा करूनच घ्यावा. सर्वस्वी नवीन बनवून घेणे मला फक्त तेव्हाच योग्य वाटते, जेव्हा पाइप आतून गंजून जागोजागी पातळ झालेला असतो.

बसवताना सर्व बोल्ट आधी हातानेच लावावेत आणि सगळे सहज बसल्यावरच आवळावेत. एखादे भोक जुळत नसेल तर फेअरिंग ओढून बोल्ट घालण्याऐवजी ब्रॅकेट उतरवून सरळ करावा, कारण ओढून बसवलेल्या भागात पहिल्या दिवसापासूनच ताण राहतो. नंतर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून क्लचची केबल व वायरिंग कोठे अडकत नाही ना हे पाहावे, आणि भिंतीवरच्या खुणेनुसार हेडलाइट लावून घ्यावा.