गेम संपवलीस ना, मग नीट सांग की

अरे,

सेलेस्ट या डोंगर चढायच्या गेमवर लिहिलेला तुझा रिव्ह्यू वाचला. "म्युझिक टॉप, कंट्रोल्स एकदम स्मूद, स्टोरी इमोशनल, दहापैकी नऊ, मस्ट प्ले." यातलं काहीच खोटं नाहीये, पण हीच ओळ उद्या दुसऱ्या कुठल्याही चांगल्या गेमखाली टाकलीस तरी कोणाला कळणार नाही. मला वाईट अशासाठी वाटलं की गेम संपवलीस त्या रात्री तू फोनवर जे बोलत होतास ते ऐकून मला परत खेळावीशी वाटली होती! शेवटच्या चॅप्टरला ३००० मीटरच्या पुढे ते झेंडे लागतात, त्यांच्यावर ३०, २९, २८ असे उलटे आकडे, आणि त्यातल्या एका झेंड्यापाशी तू इतका अडकलास की बोटं दुखायला लागली, तरी कंट्रोलर खाली ठेववेना, कारण मेलं की गेम लगेच परत उभं करते, चिडायलाही वेळ देत नाही. हे तूच बोललास. लिहिताना गेलं कुठे ते सगळं?

माझं म्हणणं एवढंच आहे बघ. मत सांगायच्या आधी तुझ्याबरोबर गेममध्ये नेमकं काय झालं ते सांग. मत पटेल किंवा नाही पटणार, पण तू तिथे होतास, ते हात तुझे होते, हे वाचणाऱ्याला कळलं की तो तुझ्या मताला धरून स्वतःचं ठरवू शकतो.

आता "कंट्रोल्स स्मूद" हेच घे. स्मूद म्हणजे काय झालं? सेलेस्टमध्ये कड्यावरून पाय सुटल्यावरही पुढच्या काही फ्रेम्स, म्हणजे सेकंदाचा एक बारीक तुकडा, उडी मारता येते. जमिनीला टेकायच्या किंचित आधी बटण दाबलं तर गेम ते लक्षात ठेवते आणि टेकल्या टेकल्या उडी देते, वर डोकं कोपऱ्याला घासलं तर हळूच बाजूला सरकवते. मॅडी थॉर्सनने, म्हणजे जिने ही गेम बनवली तिने, हे सगळं उघड सांगितलेलं आहे. गेम इतकी अवघड असून अन्यायकारक का वाटत नाही याचं अर्धं उत्तर तिथे आहे. तुला फ्रेम्स मोजायची गरज नाही, पण "मला वाटलं उडी चुकली आणि तरी लागली, असं सारखं होत होतं" एवढं जरी लिहिलं असतंस ना, तर त्या एका वाक्यात स्मूद या शब्दाच्या शंभरपट माल आहे. आणि मरणांचा आकडा! गेम स्वतःच सांगते की जितके मेलात तितकं शिकलात, आकड्याचा अभिमान बाळगा. मग तुझा आकडा लिही की बिनधास्त. चार आकडी असला तरी लिही.

दुसरं, कशी खेळलास ते सांगून टाकत जा. कीबोर्डवर की कंट्रोलरवर, कुठल्या डिफिकल्टीला, असिस्ट मोड, म्हणजे गेम सोपी करायची सोय, चालू होता का. सेलेस्टच्या असिस्ट मोडमध्ये गेमचा स्पीड निम्म्यापर्यंत खाली आणता येतो, न दमता भिंतीला लटकून राहता येतं, मरणंच बंद करता येतं, आणि तो मोड वापरणं यात कमीपणा काही नाही, तो बनवणाऱ्यांनीच मनापासून दिलेला आहे. पण "सोपी वाटली" असं लिहून मोड चालू होता हे सांगितलं नाहीस तर वाचणारा फसतो. तेवढी इमानदारी पाहिजेच.

व्हर्जनचंही तेच. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० ला आली तेव्हा जुन्या कन्सोलवर तिची इतकी वाईट अवस्था होती की सोनीने ती आपल्या स्टोअरवरून काही महिने काढूनच टाकली, आणि सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतर खेळलेला माणूस पार वेगळ्याच गेमबद्दल बोलतो, दोघंही खरंच बोलतायत. म्हणून कधी खेळलास आणि कशावर खेळलास ही एक ओळ कंटाळा न करता टाकायची.

दहापैकी किती या आकड्याचं मला फार काही पडलेलं नाही. द्यायचा तर दे. फक्त एवढं माहीत असू दे की फॉलआउट न्यू वेगासच्या वेळी ती बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीचा बोनस मेटाक्रिटिकच्या, म्हणजे सगळ्या रिव्ह्यूंची सरासरी काढणाऱ्या साइटच्या, ८५ वर ठरलेला होता आणि गेमला मिळाले ८४. लोक काय म्हणत होते, कशावर खूश होते, कुठल्या बगवर वैतागले होते, ते त्या ८४ मध्ये कुठे दिसतं सांग बरं? तुझ्या ९ मध्येही दिसत नाही.

आता स्पॉयलर, म्हणजे गोष्ट आधीच फोडणं. यावर मी जरा जास्तच कडक आहे आणि राहणार. आउटर वाइल्ड्स ही गेम तू अजून खेळलेला नाहीस. त्या गेममध्ये तुझं कॅरेक्टर शेवटपर्यंत ताकदवान होत नाही, नवीन शस्त्र नाही, लेव्हल नाही, काही नाही, मिळते ती फक्त माहिती. कुठल्या ग्रहावर काय आहे, तिथे कधी जायचं आणि कसं आत शिरायचं, हे कळत जाणं हीच गेम. म्हणजे कोणी तुला एक वाक्य सांगितलं की तेवढा भाग गेला, परत कधीच मिळणार नाही, कारण माहीत झालेलं विसरता येत नाही. अशा गेमबद्दल लिहिताना काय सापडलं हे सांगायचंच नाही, ते सापडताना तुझं काय झालं ते सांगायचं. कागद पेन घेऊन बसलास का, रात्री दोन वाजता अंथरुणात एकदम काहीतरी जुळलं आणि उठून लॅपटॉप लावलास का. सेलेस्टच्या शेवटच्या चॅप्टरला डॅश (हवेत मारायचा झटका) एकाचे दोन होतात, हे सांगितलं तर चालेल, का होतात ते नको. तू रिव्ह्यूच्या दुसऱ्या ओळीत नेमकं तेच फोडून बसलायस. ते आधी काढ.

आणि नाही आवडलं तर? तर तसं लिही, पण "मला जमली नाही", "माझा प्रकार नाही" आणि "गेममध्येच घोळ आहे" ही तीन वेगवेगळी वाक्यं आहेत आणि तू ती सगळी "बकवास" मध्ये भरतोस. ओब्रा डिन या गेममध्ये जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते शोधायचं, आणि तीन जणांचं बरोबर आल्याशिवाय गेम होकारच देत नाही. एखाद्याला ते संथ वाटेल, वाटू दे. तो दोष नाही, ती गेम तशीच बनवलेली आहे. पण सेव्ह उडाली, मेन्यूत बटण दाबलं तर काही होत नाही, असलं काही असेल तर ते ठणकावून लिहायचं, तिथे भीडभाड नको.

भीडेवरून आठवलं, राजी ही गेम सुरू केलीस म्हणालास ना, म्हणून हे लांबवतेय. ती बनवणारे नोडिंग हेड्स पुण्याचे, २०२० ला गेम आली, त्याआधी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे जमवायचा प्रयत्न फसला होता तरी त्यांनी रेटून पूर्ण केली. हे वाचलं की आपण आपोआप मऊ होतो. होऊ नकोस. त्यातली सावल्यांच्या बाहुल्यांची दृश्यं, दुर्गा आणि विष्णू वरून बघत गोष्ट सांगतात ते, मंडलं फिरवून नायिका राजीच्या आणि तिच्या भावाच्या, गोलूच्या, आठवणी जुळवायच्या ते, हे मला अजून डोळ्यासमोर आहे, आणि त्याच गेममधल्या मारामाऱ्या पुढे पुढे त्याच त्याच वाटतात आणि शेवट असा तुटतो की माणूस बघत राहतो. दोन्ही लिही. आपल्याकडची आहे म्हणून दोन मार्क जास्त दिलेस तर ज्यांनी इतकी वर्षं घातली त्यांच्या हाती काहीच लागत नाही, त्यांना पुढची गेम करताना उपयोगी पडेल ते "त्रिशूळ घेऊन खांबाला गिरकी घेऊन मारताना मजा येते पण कॅमेरा लांब असल्याने राजी कुठे आहे तेच कळत नाही" असलं वाक्य. अर्थात तुला तसं वाटलं तर! माझं वाक्य उचलू नकोस, तुझं काय झालं ते बघ.

अजून एक, संपवल्या संपवल्या पोस्ट करू नकोस पण संपवल्या संपवल्या लिहून मात्र ठेव, कसंही, मोडकंतोडकं, मोबाईलच्या नोट्समध्ये. दोन दिवसांनी उघडून बघ. शेवटच्या सीनची झिंग तोवर उतरलेली असते आणि मधले कंटाळवाणे तीन तास आठवायला लागतात, पण बारीकसारीक गोष्टी कागदावर असल्यामुळे हरवत नाहीत.

राजी झाली की पाठव मला. एकाच लढाईबद्दल लिहिलंस तरी पुरे, आणि तुझ्या लॅपटॉपवर कुठल्या सेटिंगला चालली, पंखा किती ओरडत होता, किती रुपयांना सेलमध्ये घेतलीस हे वरच लिही, कारण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप घेऊन बसलेली पोरं आधी तेच शोधत येतात.

तुझी,
ताई