‘मी तर घरात कुणाला एक शब्दही बोलत नाही!’

“बाहेरचा राग मी घरी कधीच काढत नाही. आवाज चढवत नाही, कुणाला टाकून बोलत नाही. तरी घरचे म्हणतात, तुझ्यामुळे घरात ताण असतो. आता माणसानं आणखी करायचं तरी काय?”

समुपदेशनात हा प्रश्न मला फार वेळा ऐकायला मिळतो. विचारणारा बहुधा प्रामाणिक असतो आणि मनातून दुखावलेलाही असतो. त्याला झटकून टाकणारं उत्तर देऊ नये असं मला वाटतं, म्हणून एका कुटुंबाची हकिगत सांगते. ओळख पटू नये यासाठी तपशील बदलले आहेत आणि एकापेक्षा जास्त घरांतले प्रसंग त्यात एकत्र केले आहेत.

नवरा-बायको आले होते ते मुलीसाठी. मुलगी अकरा वर्षांची. संध्याकाळी तिच्या पोटात दुखायचं, कधी मळमळायचं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही, तेव्हा त्यांनीच समुपदेशकाला भेटायला सुचवलं. दुखणं खरं होतं, नाटक नव्हतं, एवढं मी आधीच सांगून टाकलं. मुलांच्या मनातला ताण पुष्कळदा पोटातच दुखतो.

कधी दुखतं, असं विचारल्यावर आई पटकन म्हणाली, “हे घरी यायच्या अर्धा तास आधी.” बोलून गेली आणि लगेच नवऱ्याकडे बघून गप्प झाली.

वडिलांचा चेहरा उतरला. “मॅडम, मी तिच्यावर आजवर ओरडलेलो नाही. तिलाच विचारा.”

मी विचारलं. ते खरं होतं. मुलीशी एकटीशी बोलले तेव्हा ती म्हणाली, “बाबा ओरडत नाही. पण तो किल्ली हळू ठेवतो ना, तेव्हा सगळं ठीक असतं. टाकली की नाही.” मग काय करतेस, असं विचारलं तर म्हणाली, “मी आठवून बघते, आज माझं काय चुकलं.” दप्तर मध्येच पडलंय का, टीव्हीचा आवाज मोठा होता का, चाचणीत कमी मिळालेले गुण बाबाला कळले का. रोज संध्याकाळी ही पोर स्वतःची अशी झडती घेत होती.

वडिलांच्या ऑफिसात काय चाललं होतं हे मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला वरची जागा मिळाली होती आणि आता त्यालाच ते रोज कामाचा हिशेब देत होते. “घरच्यांना कशाला त्रास?” असं म्हणून त्यांनी ते मनातच ठेवलं. घरी यायचे, जेवायचे, विचारलं तर “काही नाही” म्हणायचे. यालाच ते स्वतःला आवरणं समजत होते, आणि त्यांच्या परीनं त्यामागे प्रेमच होतं.

पण शब्द गिळले तरी चेहरा बोलत राहतो. मानसशास्त्रज्ञ ईलेन हॅटफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात यावर सविस्तर लिहिलं. समोरच्याचे हावभाव, आवाजाची पट्टी, बसण्याची ढब आपण नकळत उचलतो आणि त्याबरोबर त्याची मनःस्थितीही थोडीफार आपल्यात उतरते. मुलं तर याबाबतीत फारच तीक्ष्ण असतात. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. आई बाळाशी हसतखेळत असते आणि मग काही मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवते. रागावत नाही, काहीच करत नाही. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, तिला परत बोलावण्याची धडपड करतं. मग तोंड फिरवतं, रडकुंडीला येतं. काही महिन्यांच्या बाळालाही ‘काही न करणं’ इतकं जाणवतं.

हे ऐकून वडील थोडे चिडून म्हणाले, “म्हणजे आता मी खोटं हसायचं?”

मुळीच नाही. एमिली बटलर, जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. एकमेकींना न ओळखणाऱ्या स्त्रियांच्या जोड्यांना त्यांनी अस्वस्थ करणारी फिल्म दाखवली आणि मग तिच्यावर बोलायला सांगितलं. काही जोड्यांमध्ये एकीला आधीच बजावलं होतं, की मनातलं चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. त्या जोड्यांमध्ये संवाद तर अडखळलाच, शिवाय समोर बसलेल्या, काहीच माहीत नसलेल्या स्त्रीचा रक्तदाबही जास्त वाढला. दाबून ठेवलेली भावना दाबणाऱ्यापाशीच राहते, हा आपला भ्रम आहे. आणि ओढूनताणून आणलेला आनंद मुलीनं पहिल्याच संध्याकाळी ओळखला असता.

माझ्या अनुभवात, वाईट मनःस्थितीनं घर जेवढं बिघडत नाही, तेवढं ते तिचं कारण न कळल्यानं बिघडतं. कारण कळलं नाही की माणसं अंदाज बांधतात, आणि लहान मुलांचा अंदाज फार लवकर स्वतःवर येऊन थांबतो.

म्हणून वडिलांना मी एकच काम दिलं. घरात शिरल्यावर जे असेल ते दोन वाक्यांत सांगायचं. “आज कामावर मन खट्टू झालंय. तुमच्यापैकी कुणामुळे नाही. अर्धा तास शांत बसतो, मग येतो.” त्यातलं ‘तुमच्यापैकी कुणामुळे नाही’ हे कधीच गाळायचं नाही. आणि अर्धा तास म्हटलं तर अर्ध्या तासानं खरंच उठून यायचं. नाही आलं, तर पुढच्या वेळी त्या वाक्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

पुढच्या भेटीत म्हणाले, “सांगितलं की! पण उपयोग नाही झाला.” काय सांगितलं, असं खोदून विचारलं तेव्हा कळलं, की ते म्हणाले होते, “माझा मूड नाहीये, मला कुणी त्रास देऊ नका.” हा फरक बारीक आहे, पण फार महत्त्वाचा. या वाक्यानं स्वतःचा मूड सांभाळायचं काम दुसऱ्यांवर टाकलं जातं. मी सुचवलेल्या वाक्यात ते काम आपण स्वतःकडे घेतो. मग आम्ही खोलीतच सराव केला, मोठ्यानं, चार-पाच वेळा. त्यांना संकोच वाटत होता, पण त्यांनी मनापासून केला. ऑफिसातलं सगळं मुलीला सांगायची गरज नव्हती. लहान मुलाला आपलं दुःख ऐकवायला बसवू नये. ते बायकोला सांगायचं, आणि अखेर त्यांनी तिला सांगितलं.

आता आईकडे वळते, कारण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खटकत होती. मुलीचं पोट बाबा येण्याच्या आधी दुखायचं. किल्ली वाजायच्या आधीच. मग ती भीती तिच्यात आली कुठून?

घड्याळात ठरावीक वेळ झाली की आई घर आवरायला घ्यायची. पसारा उचल, आवाज कमी कर, “आज बाबाला काही विचारू नकोस हं.” हेतू मुलीला जपण्याचाच होता. पण मुलीला दिसत होतं, की आई घाबरलीय. सारा वॉटर्स, टेसा वेस्ट आणि वेंडी मेंडिस यांच्या २०१४ च्या अभ्यासात आया दुसऱ्या खोलीत ताणाला सामोऱ्या गेल्या होत्या. बाळांनी त्यातलं काहीच पाहिलं नव्हतं. तरी आई परत आल्यावर तिच्या शरीरातला ताण बाळाच्या शरीरात उमटला. इथेही नवऱ्याचा मूड मुलीपर्यंत आईच्या मार्फत आधीच पोचत होता.

हे ऐकताना आईच्या डोळ्यांत पाणी आलं. दोष तिचा नव्हता. घरातल्या एकाच्या मनाचा अंदाज घेण्यात वर्षं गेली की माणूस असाच होतो, आणि स्वतःला आज काय वाटतंय हे त्याला सांगताही येत नाही. तिच्याशी मी पुढे वेगळी भेटत राहिले, नवऱ्यापेक्षा जास्त वेळा.

मधे एकदा वडील वहीवरून मुलीवर खेकसले. पहिल्यांदाच. नवरा-बायको दोघंही हादरून आले होते. मला ते एवढं भयंकर वाटलं नाही, कारण तासाभरानं ते तिच्याजवळ जाऊन म्हणाले होते, “मघाशी चिडलो, ते माझं चुकलं. तुझ्या वहीचं काही नव्हतं.” मोठ्यांचं भांडण मिटताना मुलांनी पाहिलं तर त्यांची अस्वस्थता पुष्कळ कमी होते, हे मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज यांच्या संशोधनातून दिसलं आहे. मिटवणं मुलांच्या नजरेआड मात्र होऊ नये. भांडण समोर आणि समेट बंद दाराआड, असं बऱ्याच घरांत होतं.

दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. घरात मारहाण, धमक्या, वस्तू फेकणं असेल तर हा मूडचा प्रश्न नाही. तिथे आधी सुरक्षितता, आणि त्यासाठी बाहेरची मदत घ्यायलाच हवी. दुसरं, उदासी किंवा चिडचिड दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज टिकली, झोप-भूक बिघडली, कशातच रस उरला नाही, तर डॉक्टरांना दाखवावं. नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात येतं.

मुलीचं पोट दुखणं काही महिन्यांत बरंच थांबलं, परीक्षेच्या दिवसांत अजून दुखतं. वडिलांचं ऑफिस आहे तसंच आहे.

शेवटच्या भेटीत आईनं विचारलं, “एखाद्या दिवशी यांनी सांगितलंच नाही, नुसतेच गप्प बसले, तर?”

तर एकदाच विचारायचं, “माझ्यामुळे किंवा हिच्यामुळे काही झालंय का?” ते ‘नाही’ म्हणाले, तर ते खरं मानायचं आणि आपली संध्याकाळ जशी ठरवली होती तशीच चालू द्यायची. टीव्हीचा आवाजसुद्धा कमी करायचा नाही.