वाचकांचे प्रश्न : मंदीतले व्यवस्थापन विद्यापीठ

प्रश्न : माझा मुलगा ज्या व्यवस्थापन विद्यापीठात शिकतो, तेथील कुलगुरूंनी वार्षिक निवेदनात प्रवेशासाठीचे अर्ज वाढल्याचे अभिमानाने नमूद केले आहे. त्याच निवेदनात नवी इमारत पुढे ढकलल्याचे आणि रिक्त पदे न भरण्याचे ठरवल्याचेही म्हटले आहे. विद्यार्थी वाढत असताना पैसा कमी कसा पडतो?

उत्तर : या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि मंदीत बहुधा असतातच. नोकऱ्या आटल्या की अनेक तरुण बाजार सावरेपर्यंतचा काळ शिक्षणात घालवतात, कारण शिकण्यासाठी सोडावा लागणारा पगारच तेव्हा अनिश्चित झालेला असतो; त्यामुळे पूर्णवेळ एमबीएचे अर्ज वाढतात. परंतु विद्यापीठ केवळ या शुल्कावर चालत नाही. कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांना ज्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांना पाठवतात त्यांतून व्यवस्थापन संस्थांना मोठी मिळकत होते, आणि कंपन्यांनी खर्चाला कात्री लावायचे ठरवले की ती आधी तेथेच लागते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचे शुल्क मालक भरत असेल, तर तोही ओघ आटतो.

तिसरा आधार देणग्यांतून उभ्या राहिलेल्या स्थायी निधीचा. असा निधी बाळगणाऱ्या संस्था दरवर्षी त्याचा साधारण चार ते पाच टक्के भाग खर्चासाठी काढतात, आणि ही टक्केवारी पुष्कळदा मागील तीन वर्षांच्या सरासरी मूल्यावर लावतात. बाजाराच्या एका धक्क्याने पगार अडू नयेत हा त्यामागचा हेतू. पण त्यामुळेच धक्का उशिरा पोहोचतो आणि बाजार वर आल्यानंतरही अंदाजपत्रकात रेंगाळत राहतो. हार्वर्ड विद्यापीठाचा निधी जून २००८ मध्ये सुमारे ३६.९ अब्ज डॉलर होता, तो वर्षभरात २६ अब्जांवर आला, आणि २००९ च्या डिसेंबरात ऑलस्टन येथील विज्ञान संकुलाचे चालू बांधकाम थांबवत असल्याचे त्या विद्यापीठाने जाहीर केले. जगातील सर्वांत श्रीमंत विद्यापीठाची ही गत, तर ज्यांचा निधी तुटपुंजा आहे त्यांची कल्पना करावी. शिवाय केवळ व्यवस्थापन शिकवणाऱ्या विद्यापीठाला वैद्यक किंवा अभियांत्रिकीच्या विद्याशाखांचा टेकू नसतो. आंतरराष्ट्रीय व्यवस्थापनासाठी १९४६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील थंडरबर्ड या नामवंत संस्थेला घटती विद्यार्थिसंख्या आणि आर्थिक ओढाताण यांमुळे अखेर २०१४ मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठात विलीन होण्याचा मार्ग पत्करावा लागला.

म्हणून इमारत पुढे ढकलली यात मला काहीही वावगे दिसत नाही. रिक्त पदांबाबत मात्र पालकांनी अवश्य विचारणा करावी. सरसकट भरतीबंदी न्याय्य वाटते, कारण ती सर्वांना सारखीच लागू होते. प्रत्यक्षात कपात कोणत्या विषयात होणार हे ती कोण निवृत्त होते आणि कोण राजीनामा देते यावर सोडून देते. लेखाशास्त्राचे दोन प्राध्यापक एकाच वर्षी निवृत्त झाले तर तो विभाग लंगडा होतो, आणि ज्या विषयाला विद्यार्थीच नाहीत त्याचा विभाग जसाच्या तसा राहतो. इतर संस्थांनीही भरती थांबवलेली असते, तेव्हा चांगले अध्यापक एरवीपेक्षा सहज मिळतात, हेही व्यवस्थापन शिकवणाऱ्यांना कोणी सांगायला नको होते. मोजकी का होईना, पदे निवडून भरणारे विद्यापीठ मला अधिक जबाबदार वाटते.

प्रश्न : अशा काळात विद्यापीठ ‘प्रगतिपथावर’ आहे असे म्हटले जाते, ते कशावरून ताडून पाहावे?

उत्तर : विद्यार्थिसंख्येवरून तर मुळीच नाही. मंदीत वाढवलेली तुकडी दोन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडते, आणि तोवर नोकऱ्या परतलेल्या असतीलच असे नाही. म्हणून पदवीनंतर तीन महिन्यांत किती जणांना काम मिळाले हे विचारावे, आणि त्याहीपेक्षा ती टक्केवारी कोणत्या संख्येवर काढली आहे हे विचारावे. कारण पुष्कळ संस्था ‘प्लेसमेंटसाठी नोंदणी केलेले’ एवढेच विद्यार्थी हिशेबात धरतात आणि कंटाळून नोंदणी मागे घेणारे त्यातून आपोआप गळतात. पगाराची सरासरीही फसवी असते. दोन-चार गलेलठ्ठ पगार ती वर खेचतात, तेव्हा मध्यक, म्हणजे सारे पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, मागावा. शिष्यवृत्तीवरील खर्च शुल्कवाढीच्या प्रमाणात वाढला का, आणि पैशांअभावी किती जणांनी शिक्षण अर्धवट सोडले, हे दोन आकडे वार्षिक अहवालात क्वचितच ठळकपणे छापलेले असतात. संस्थेचे खरे अग्रक्रम मात्र तेथेच दिसतात.

प्रश्न : आंतरराष्ट्रीय अधिस्वीकृती असेल तर निर्धास्त राहावे का?

उत्तर : नाही. अधिस्वीकृती देणाऱ्या संस्था अध्यापकवर्ग, अभ्यासक्रम आणि साधनसामग्री तपासतात, परंतु तो निर्वाळा भविष्यातील उत्पन्नाची हमी नसतो. थंडरबर्डकडेही एएसीएसबी या १९१६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची अधिस्वीकृती होती. म्हणून अधिस्वीकृतीबरोबर लेखापरीक्षित ताळेबंदही मागवावा आणि इमारतींसाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते कोणत्या उत्पन्नातून फेडले जातात ते पाहावे. ते सारे शुल्कातूनच जात असतील, तर पुढील शुल्कवाढ फार दूर नाही असे समजावे.