ऑप्शन फॉर्म भरण्याआधी : इंजिनिअरिंग प्रवेशाबद्दल वाचकांचे प्रश्न

मुलीला एमएचटी-सीईटीत (राज्याच्या प्रवेश परीक्षेत) मैत्रिणीपेक्षा चार गुण जास्त असूनही पर्सेंटाइल कमी आले. हे कसे?
– एक पालक, सांगली

दोघींची सत्रे वेगळी असणार. ही परीक्षा अनेक सत्रांत होते आणि दर सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. त्याच सत्रातल्या किती टक्के मुलांना तुमच्या मुलीइतके किंवा त्याहून कमी गुण आहेत, तो आकडा म्हणजे पर्सेंटाइल. पेपर अवघड निघाला की सगळ्यांचेच गुण उतरतात, मग कमी गुणांवरही पर्सेंटाइल वर जाते. त्यामुळे गुणांची तुलना आता सोडून द्या आणि राज्य गुणवत्ता क्रमांक पाहा, कारण जागावाटप त्यावर होते. बारावीचे गुण मुख्यतः पात्रतेसाठी लागतात : ठरलेल्या तीन विषयांत मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के.

पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय ही कॉलेजे मिळणे अवघड आहे. ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाच्या यादीत, ती नावे वर टाकली तर खालचे कॉलेज हातचे जाईल, असे सगळे सांगतात. खरे आहे का?
– बारावीची विद्यार्थिनी, नाशिक

अजिबात नाही. या गैरसमजापायी दरवर्षी कितीतरी मुलांचे नुकसान होते, म्हणून नीट सांगतो. संगणक गुणवत्ता यादी वरून खाली वाचत जातो. तुझा क्रमांक आला की तुझी यादी पहिल्या पर्यायापासून तपासतो आणि जिथे जागा शिल्लक असेल तिथे थांबतो. तू एखादे कॉलेज बाराव्या क्रमांकावर टाकलेस आणि तुझ्यापेक्षा खालच्या क्रमांकाच्या मुलाने तेच पहिले टाकले, तरी जागा आधी तुला विचारली जाते. म्हणून क्रम कटऑफप्रमाणे लावू नकोस, मनापासून हवे त्याप्रमाणे लाव.

एक गोष्ट मात्र जपायची. २०२५च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होत होती. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पर्यायांना आणि तिसरीत पहिल्या सहांना हाच नियम होता. अशी जागा नाकारली की पुढच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या बंद. यंदाच्या माहितीपुस्तिकेत हे आकडे आधी बघ. मिळाले तरी जाणार नाहीस असे कॉलेज वर नको, तळालाही नको.

यादी आधी कागदावर कर. गेल्या वर्षीच्या क्रमांकाच्या हिशेबाने आवाक्याबाहेरची थोडी, आसपासची भरपूर, आणि खात्रीची काही हवीतच. खात्रीची नावे न टाकल्यामुळे चांगल्या क्रमांकाची मुलेही पहिल्या फेरीत रिकाम्या हाती राहतात. चॉइस कोड (कॉलेज आणि शाखेचा ठरलेला क्रमांक) अंक-अंक ताडून भर, कारण एकाच कॉलेजात एकाच शाखेचे दोन-दोन कोड असू शकतात. शेवटी कन्फर्म करायला विसरू नकोस, नुसता सेव्ह केलेला फॉर्म धरला जात नाही. आणि पासवर्ड सायबर कॅफेवाल्याकडे ठेवू नकोस.

कटऑफच्या पीडीएफमधले जीओपीईएनएच, एलओपीईएनएस काय आहे?
– एक विद्यार्थी, लातूर

तुकडे पाडून वाच. पहिले अक्षर : जी म्हणजे सर्वसाधारण जागा, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग, इथे ओपन. शेवटचे अक्षर : एच म्हणजे त्याच विद्यापीठ क्षेत्रातल्या मुलांच्या जागा, ओ म्हणजे बाहेरच्या क्षेत्रातल्यांच्या, एस म्हणजे राज्यस्तरीय. तू पुण्यातले एखादे कॉलेज बघत असशील तर तिथला एचचा रकाना तुझ्या कामाचा नाही, ओ आणि एस बघ. रकान्यातला वरचा आकडा गुणवत्ता क्रमांक, कंसातला पर्सेंटाइल. दोन्हींपैकी क्रमांकावर जास्त भरवसा ठेव.

बेटरमेंट घेतले, म्हणजे मिळालेली जागा धरून पुढच्या फेरीत वरच्या पर्यायासाठी थांबलो, आणि पुढे काही मिळाले नाही तर?
– एक पालक, अकोला

आधीची जागा तुमचीच राहते, फक्त ती मुदतीत स्वीकारलेली हवी. पण वरचा पर्याय मिळाला की जुनी जागा त्याच क्षणी रद्द होते आणि परत मागता येत नाही. म्हणून पुढच्या फेरीत हातातल्या जागेपेक्षा खरोखर बरे वाटणारेच पर्याय टाका.

टीएफडब्ल्यूएसमध्ये (शुल्कमाफीच्या जागांत) पूर्ण फी माफ होते का?
– एक विद्यार्थिनी, जळगाव

नाही, फक्त शिक्षण शुल्क माफ होते. विकास शुल्क आणि इतर शुल्के भरावी लागतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे. या जागांचा चॉइस कोड वेगळा असतो आणि शेवटी टी असते. कटऑफही बहुधा त्याच शाखेच्या नेहमीच्या कटऑफपेक्षा वर जातो. प्रवेशानंतर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही, तेव्हा नको असलेली शाखा केवळ फीसाठी घेऊ नकोस. उत्पन्नाचा दाखला आजच तहसीलला टाक. ओबीसी, व्हीजेएनटीसारख्या प्रवर्गातली असशील तर नॉन-क्रिमी लेयरचा दाखला प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे ना, तेही बघ. तो किंवा जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिले नाही तर नाव खुल्या प्रवर्गात जाते आणि मिळालेली जागाही जाऊ शकते.